धूर दिसला म्हणजे आग आहे का? युक्तिवाद सुटा करून पाहण्याची पद्धत

आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या वर्षी पाण्याच्या बिलावरून दीड तास वाद झाला. बिल जवळजवळ दुप्पट आलं होतं. एक काका म्हणाले, "एवढं बिल उगाच येतं का? खालची टाकी गळतेय. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या." दुसरे म्हणाले, "गळती नाही हो, बी विंगमध्ये भाडेकरू किती वाढलेत ते बघा." तिसऱ्यांनी मागच्या कमिटीचा विषय काढला आणि आवाज चढले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. बिल वाढलं हे कोणीच नाकारत नव्हतं. मतभेद होता तो 'बिल वाढलं' आणि 'टाकी गळते' या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल, आणि त्या जागेबद्दल तोवर कोणी एक शब्दही उच्चारला नव्हता. घरातले, ऑफिसातले, टीव्हीवरचे बहुतेक वाद असेच असतात. तथ्यांवर भांडतोय असं आपल्याला वाटतं, पण अडलेलं असतं ते तथ्यांना जोडणाऱ्या, न बोललेल्या वाक्यावर. ते वाक्य शोधून बाहेर कसं काढायचं आणि तपासायचं कसं, हे इथे पायरीपायरीने सांगते. तर्कशास्त्राशी आधी ओळख असायची गरज नाही.

पायरी पहिली: हा युक्तिवाद आहे का, हे आधी ठरवा

कोणी काही ठामपणे बोललं म्हणजे युक्तिवाद झाला असं नाही. ही तीन वाक्यं पाहा.

"यंदा आंबा महाग आहे."

"यंदा आंबा महाग आहे, कारण मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला."

"यंदा आंबा महाग होणार, कारण मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला."

पहिलं नुसतं विधान आहे. दुसऱ्यात 'कारण' आहे, पण तो युक्तिवाद नाही, स्पष्टीकरण आहे. आंबा महाग आहे हे ऐकणारा बाजारात जाऊन आलाय, त्याला ते पटवायचं नाही, फक्त असं का झालं ते सांगायचं आहे. तिसरं वाक्य युक्तिवाद आहे. आंबा महाग होणार हे अजून झालेलं नाही, समोरचा ते नाकारू शकतो, आणि आपण एक आधार देऊन त्याला ते मान्य करायला सांगतोय.

म्हणून कसोटी सोपी ठेवा. ज्या गोष्टीसाठी कारण दिलं आहे, ती गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच मान्य आहे का? असेल तर स्पष्टीकरण, नसेल तर युक्तिवाद. परीक्षेची तयारी करणारी मुलं इथेच सर्वांत जास्त चुकतात, कारण ती नुसता 'कारण' हा शब्द शोधतात.

पायरी दुसरी: निष्कर्ष पकडा

युक्तिवादात किमान दोन गोष्टी असतात. जे पटवायचं आहे तो निष्कर्ष, आणि ज्याच्या जोरावर पटवायचं आहे ती आधारविधानं. मराठीत निष्कर्षाच्या आधी बहुधा 'म्हणून', 'त्यामुळे', 'तेव्हा', 'म्हणजे', 'मग' येतं. आधाराच्या आधी 'कारण', 'ज्या अर्थी' येतं, किंवा मागून 'ना' लागतो: "त्याने फोन उचलला नाही ना, मग तो झोपलाय." सरकारी आदेशांत 'ज्याअर्थी... त्याअर्थी' अशी जोडी असते आणि जुन्या अर्जांत 'सबब'. ही भाषा आपल्याला जड वाटते, पण युक्तिवादाचे सांधे इतके स्पष्ट दाखवणारं मराठी दुसरीकडे क्वचितच सापडतं.

बोलताना मात्र आपण हे शब्द गाळतो. निष्कर्ष आधी बोलतो आणि कारण मागून सांगतो, किंवा निष्कर्ष प्रश्नाच्या रूपात फेकतो. काकांचं "एवढं बिल उगाच येतं का?" हा प्रश्न नाही. त्याचं सरळ विधान करा: "बिल वाढण्यामागे काहीतरी बिघाड आहे." कागदावर प्रत्येक प्रश्नार्थक वाक्य असं सरळ करून घेतलं की निम्मा गोंधळ निवळतो.

निष्कर्ष एकापेक्षा जास्तही असतात. काकांच्या बोलण्यात दोन होते: टाकी गळते, आणि वॉटरप्रूफिंग करायला हवं. दुसरा पहिल्यावर उभा आहे. टाकी गळत नसेल तर दुसऱ्याची चर्चाच करायला नको. आमच्या सभेत अर्धा तास वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवर गेला.

पायरी तिसरी: पाच अवयवांत मांडा

आता खरं काम. न्यायदर्शन म्हणजे तर्काचा आणि युक्तिवादाचा विचार करणारी प्राचीन भारतीय विचारपरंपरा. तिचा मूळ ग्रंथ म्हणजे अक्षपाद गौतमाची न्यायसूत्रं. त्यांत दुसऱ्याला पटवून देण्यासाठीच्या वाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. शेकडो वर्षं विद्यार्थी ते एकाच उदाहरणावर शिकत आले आहेत. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या प्राथमिक पुस्तकातही तेच आहे:

प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे.
हेतू: कारण तिथे धूर आहे.
उदाहरण: जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात.
उपनय: या डोंगरावर तसाच धूर आहे.
निगमन: म्हणून या डोंगरावर आग आहे.

वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतं, पहिलं आणि पाचवं वाक्य एकच नाही का? शब्द एकच आहेत, पण काम वेगळं आहे. प्रतिज्ञा हा दावा असतो, अजून सिद्ध न झालेला. निगमन म्हणजे तोच दावा, पण आता आधारासकट. स्वतःशी विचार करताना पाचही अवयव लागत नाहीत. धूर दिसतो, मनात संबंध आठवतो, आग कळते. याला स्वार्थानुमान म्हणतात. दुसऱ्याला पटवायचं असेल तर ते परार्थानुमान, आणि तिथे एकही दुवा गाळून चालत नाही.

पाच अवयव हवेतच का, यावर भारतातल्या दर्शनांमध्येही मोठा वाद होता. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले विचारवंत, म्हणत, तीन पुरेत, मग ते पहिले तीन घ्या किंवा शेवटचे तीन. बौद्ध तार्किक दोनांवर आले: उदाहरण आणि उपनय. आता जरा मोजून पाहा. पहिल्या तिनांत उदाहरण आहे, शेवटच्या तिनांत उदाहरण आहे, बौद्धांच्या दोनांतही उदाहरण आहे. एकमेकांचं जवळजवळ काहीच मान्य नसलेल्या या लोकांनी तिसरा अवयव मात्र कोणी सोडला नाही, कारण न बोललेलं वाक्य तिथेच असतं.

पुढे जाण्याआधी तीन शब्द लक्षात ठेवा. ज्याच्याबद्दल बोलतोय तो पक्ष (डोंगर). त्याच्याविषयी जे सिद्ध करायचं आहे ते साध्य (आग). ज्याच्या बळावर सिद्ध करायचं तो हेतू (धूर). मराठी माणसाची इथे एक हमखास गडबड होते. रोजच्या मराठीत हेतू म्हणजे उद्देश. "यामागे तुमचा हेतू काय?" असं आपण विचारतो तेव्हा मनातला डाव विचारत असतो. तर्कशास्त्रात हेतू म्हणजे पुरावा म्हणून दिलेलं कारण. सभेत जेव्हा कोणी म्हणतं, "त्यांना वॉटरप्रूफिंग हवंच असणार, त्यांचा मेहुणा ठेकेदार आहे," तेव्हा एका अर्थाचा हेतू बाजूला सारून दुसऱ्या अर्थाचा हेतू पुढे आणलेला असतो. मेहुणा ठेकेदार असणं हे काळजीपूर्वक तपासणी करण्याचं कारण जरूर आहे. पण टाकी गळते की नाही, हे मेहुण्यावरून ठरत नाही.

आता काकांचा युक्तिवाद मांडू.

प्रतिज्ञा: आपली टाकी गळते आहे.
हेतू: कारण आपलं पाण्याचं बिल वाढलं आहे.
उदाहरण: जिथे जिथे पाण्याचं बिल वाढतं तिथे तिथे टाकी गळत असते, जसं...?
उपनय: आपलंही बिल तसंच वाढलं आहे.
निगमन: म्हणून आपली टाकी गळते आहे.

तिसरी ओळ मोठ्याने वाचा. काकांनी ती कधीच उच्चारली नव्हती, आणि उच्चारली असती तर बहुधा तेच थांबले असते. मी ही ओळ सभेत फळ्यावर लिहिली तेव्हा त्यांनीच सांगितलं, "नाही नाही, नेहमीच असं नसतं. दर वाढले तरी बिल वाढतं." वाद तिथे संपला नाही, पण पहिल्यांदाच तो योग्य जागी आला.

पायरी चौथी: व्याप्ती तपासा

'जिथे जिथे हेतू तिथे तिथे साध्य' या पक्क्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. इथे घाई करू नका. युक्तिवाद तपासायला दहा मिनिटं असतील तर सात इथे घालवा.

पहिला प्रश्न दिशेचा. जिथे धूर तिथे आग, हे मान्य. जिथे आग तिथे धूर, हे मान्य आहे का? जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, याला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उत्तर दिलं: त्यात आग आहे, धूर नाही. आज आपल्या स्वयंपाकघरातला गॅस तेच सांगतो. व्याप्ती एकाच दिशेने चालते आणि उलट फिरवली की मोडते. "टाकी गळली तर बिल वाढतं" हे खरं आहे. "बिल वाढलं तर टाकी गळते" हे त्यावरून निघत नाही. ही एकच चूक ओळखायला शिकलात तरी रोजच्या संभाषणातले कितीतरी चुकीचे निष्कर्ष तुमच्या हाती सापडतील.

दुसरा प्रश्न असा की मध्ये लपलेली अट कोणती? आग असूनही कधी धूर होतो, कधी होत नाही, असं का? नैयायिकांचं उत्तर होतं: ओल्या लाकडाचा संबंध. आग आणि ओलं सरपण एकत्र आलं की धूर होतो. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. पदवीला आपण उपाधी म्हणतो ती वेगळी. "ज्या घरात पुस्तकं जास्त, त्या घरातली मुलं अभ्यासात पुढे, म्हणून पुस्तकं आणून ठेवा" या युक्तिवादात ओलं लाकूड कुठे आहे ते शोधा. पुस्तकं विकत घेणारे आईवडील बहुधा स्वतः वाचतात, मुलांशी बोलतात, त्यांच्या हातात पैसाही असतो. कपाटात नुसती पुस्तकं रचून उपयोग होईलच असं यावरून ठरत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: दोन्ही बाजूंनी पाहिलं का? हेतू आहे तिथे साध्य आहे, हा अन्वय. साध्य नाही तिथे हेतूही नाही, हा व्यतिरेक. तलावात आग नसते आणि धूरही नसतो. नुसत्या अन्वयावर थांबलं की माणूस फसतो. पाणाड्याचं उदाहरण घ्या. हातात नारळ किंवा काटकी घेऊन तो शेतात फिरतो, एक जागा दाखवतो, तिथे बोअर मारली की पाणी लागतं. गावात अशा पाच-दहा गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पण त्याने 'इथे नाही' म्हटलेल्या जागी कोणी बोअर मारून पाहिली का? पाणी लागलं नाही त्या बोअरींची यादी कोणी ठेवली का? त्या भागात कुठेही मारली तरी पाणी लागलंच असतं, तर पाणाड्याचं बोट निर्णायक कसं ठरतं? कर्ज काढून बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याच्या आयुष्यात या प्रश्नांचं मोल फार मोठं आहे, म्हणून ते आदराने पण ठामपणे विचारले पाहिजेत.

अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही नेटाने लावले की काय साधतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण लंडनमधलं आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात कॉलराची भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. दूषित हवेमुळे कॉलरा होतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरला संशय होता पाण्याचा, नेमकं सांगायचं तर ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचा. त्याने मृतांचे पत्ते घेतले, घरोघर विचारलं. बहुसंख्य मृत्यू पंपाच्या आसपासचे निघाले. हा झाला अन्वय. पण पंपाजवळ राहणारे लोक तिथली हवाही घेतच होते. इतक्यावर थांबला असता तर हवावाल्यांचं तोंड बंद झालं नसतं.

मग त्याने अपवाद शोधले. पंपाजवळच एक अनाथालयासारखं निर्धनगृह होतं, त्यात ५३५ माणसं राहत. सगळीकडे माणसं मरत असताना तिथे मृत्यू फक्त पाच. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता, सत्तरहून अधिक कामगार, त्यांच्यापैकी कोणी दगावलं नाही. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांना कारखान्यातलं पेय मिळे आणि तिथेही वेगळी विहीर होती. हवा तीच, पाणी वेगळं, आणि रोग नाही. उलट बाजूचा दाखला त्याहून बोलका आहे. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा कॉलराने गेली. तिच्या आसपास साथ नव्हती. चौकशीत कळलं की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तिथल्या पाण्याची चव तिला आवडे, आणि तिच्यासाठी गाडीवरून रोज बाटली भरून जाई. हवा वेगळी, पाणी तेच, आणि मृत्यू.

८ सप्टेंबरला पंपाची दांडी काढली गेली. आता एक सावधगिरी. 'दांडी काढली आणि साथ थांबली' असं ही गोष्ट सांगताना सर्रास म्हटलं जातं. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, कारण लोक भाग सोडून पळून गेले होते. ही गोष्ट स्नोनेच नोंदवून ठेवली आहे. आपल्या बाजूचा पुरावा आहे त्यापेक्षा बळकट दिसत असताना त्याने तो कमी करून सांगितला, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो. नंतर घडलं म्हणजे त्याच्यामुळे घडलं, ही उडी त्याने घेतली नाही. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यातल्या संशोधनातून कॉलराच्या जंतूचं वर्णन केलं. स्नोने जंतू न पाहताच नुसत्या अन्वय-व्यतिरेकाने पाण्यापर्यंतची वाट काढली होती.

पायरी पाचवी: सांगाडा आणि माल वेगळे करा

ही पायरी छोटी आहे, पण तिच्यावाचून पुढे अडतं. युक्तिवाद दोन प्रकारे मोडतो. एक म्हणजे आधारविधानं खोटी असतात. दुसरं म्हणजे ती खरी असूनही निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

"सगळ्या माशांना कल्ले असतात. देवमासा मासा आहे. म्हणून देवमाशाला कल्ले असतात." सांगाडा पक्का आहे. दोन्ही विधानं खरी असती तर निष्कर्ष टाळता आला नसता. अशा युक्तिवादाला युक्त म्हणतात. पण माल खोटा आहे. देवमासा नावापुरता मासा, प्रत्यक्षात सस्तन प्राणी आहे आणि फुप्फुसांनी श्वास घेतो.

"महाराष्ट्रातली सगळी शहरं भारतात आहेत. नागपूर भारतात आहे. म्हणून नागपूर महाराष्ट्रात आहे." तिन्ही विधानं खरी आहेत, तरी युक्तिवाद अयुक्त आहे. पटत नसेल तर नागपूरच्या जागी इंदूर ठेवा. सांगाडा तोच राहतो आणि निष्कर्ष खोटा होतो. एखाद्या युक्तिवादात काहीतरी खटकतंय पण नेमकं सांगता येत नाही, अशा वेळी हेच करा: नावं बदला, सांगाडा तसाच ठेवा आणि तो कुठे खोट्या निष्कर्षापर्यंत नेतो का ते पाहा.

हे निगामी युक्तिवादांबद्दल झालं, ज्यांत आधार खरे असतील तर निष्कर्ष खरा असायलाच हवा. रोजचे बहुतेक युक्तिवाद विगामी असतात, म्हणजे पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याकडे जाणारे. त्यांत खात्री मिळत नाही, कमी-जास्त संभव मिळतो. त्यांना 'शंभर टक्के सिद्ध करा' म्हणणं अन्यायाचं आहे. "किती उदाहरणं पाहिली आणि कशी निवडली?" हे विचारा.

पायरी सहावी: हेतूचे दोष ओळखा

बिघडलेल्या हेतूला हेत्वाभास म्हणतात, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला. तर्कसंग्रहात ते पाच सांगितले आहेत. सव्यभिचार तुम्ही वर पाहिलाच: हेतू साध्याशी एकनिष्ठ नसतो, साध्य नसतानाही आढळतो. बिल वाढणं हा असाच हेतू.

असिद्ध म्हणजे हेतूच जागेवर नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावर दूरून धूर दिसतो, जवळ गेल्यावर ते धुकं निघतं. व्याप्ती निर्दोष असली तरी धूरच नाही म्हटल्यावर पुढे बोलायचं काय? मोबाइलवर फिरत आलेल्या बहुतेक संतापजनक मजकुरांचा निकाल इथेच लागतो. म्हणून असा मजकूर आला की त्यातल्या तर्काशी झगडण्याआधी बघा की ती घटना घडली आहे का, तो फोटो त्याच गावचा आणि त्याच वर्षीचा आहे का.

विरुद्ध म्हणजे हेतू नेमकं उलट सिद्ध करतो. "हा पूल इतकी वर्षं डागडुजीशिवाय उभा आहे, म्हणून आता दुरुस्तीची गरज नाही." डागडुजीशिवाय गेलेली वर्षं हेच दुरुस्तीचं सर्वांत मोठं कारण आहे.

उरले दोन. समोर तितकाच बळकट उलट हेतू उभा असेल तर सत्प्रतिपक्ष, आणि दुसऱ्या अधिक भक्कम प्रमाणाने (म्हणजे पुराव्याने) निष्कर्ष आधीच खोटा ठरला असेल तर बाधित. शास्त्रातलं उदाहरण असं: अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे, पाण्यासारखा. हात लावला की प्रश्न मिटतो.

पायरी सातवी: समोरचा कोणत्या तयारीने आलाय ते पाहा

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी चालते तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची, ती वितंडा. आपल्या भाषेत 'वितंडवाद' अजून जिवंत आहे, पण 'वाद' या चांगल्या शब्दाचं आपण भांडण करून टाकलं, याचं मला वाईट वाटतं. चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार येतात, सलोख्याने केलेली संधाय संभाषा आणि झुंजीची विगृह्य संभाषा. कोणाशी कोणती करावी, याचा सल्लाही तिथे आहे.

समोरचा वितंडा घालतोय का, हे ओळखायचा एक प्रश्न आहे: "मग तुमचं म्हणणं काय आहे?" दोनदा विचारूनही उत्तर येत नसेल तर पाच अवयव मांडण्यात वेळ घालवू नका.

शब्दांच्या खेळावरही नजर ठेवा. त्याला छल म्हणत. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असलेला मुलगा, असं कोणी म्हटलं की दुसरा म्हणतो, "नऊ घोंगड्या कुठायत? एकच तर आहे." नव म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊ. हे उदाहरण बाळबोध वाटतं, पण 'विकास', 'परंपरा', 'स्वातंत्र्य' या शब्दांवर आज हाच खेळ चालतो. बोलणाऱ्याने एका अर्थाने वापरलेला शब्द ऐकणारा दुसऱ्या अर्थाने पकडतो. त्यावर एकच उपाय आहे. चर्चेच्या सुरुवातीलाच विचारायचं, "हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरताय?"

सराव

रोज एक युक्तिवाद घ्या, एकच. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातला, घरात ऐकलेला, किंवा स्वतःचा. स्वतःचे जास्त घ्या. वहीत पाच ओळी लिहा आणि तिसऱ्या ओळीखाली रेघ मारा. ती ओळ लिहिताना समोरच्याच्या तोंडी मूर्खपणाची व्याप्ती घालू नका. त्याचं म्हणणं जास्तीत जास्त समंजस ठरेल अशी व्याप्ती लिहा, आणि शक्य असेल तर त्याला वाचून दाखवा. "हो, मला हेच म्हणायचंय" असं तो म्हणाला, मगच तपासायला घ्या.

आमच्या टाकीचंही हेच केलं. 'बिल वाढलं' हा हेतू सव्यभिचार ठरल्यावर आम्ही दुसरा शोधला, जो गळतीशी एकनिष्ठ असेल. एका रात्री खालची टाकी पूर्ण भरून घेतली, पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, पंप बंद ठेवला आणि काठी बुडवून पातळीची खूण केली. आत पाणी येत नाही, पंप उपसत नाही, टाकीला झाकण आहे. अशा वेळी पातळी लक्षणीय उतरली तर गळतीशिवाय दुसरं कारण उरत नाही. सकाळी सहा वाजता काकांनी स्वतः काठी बुडवली. पाणी खुणेवरच होतं.

मग जुनी बिलं काढली. आधीच्या दोन बिलांवर मीटरचं रीडिंग घेतलेलंच नव्हतं, सरासरीने आकडा टाकला होता, आणि तो कमी होता. या वेळी प्रत्यक्ष रीडिंग झालं आणि राहिलेला सगळा वापर एकाच बिलात आला. तिन्ही बिलांचे युनिट एकत्र करून तीनने भागले तर आदल्या वर्षीइतकाच वापर निघाला.

पुढच्या सभेत मी हे पाच ओळींत मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी मात्र हात वर केला. "मागच्या वर्षीइतकाच वापर आहे हे कळलं. पण मागच्या वर्षीही गळत असेल तर? खालची टाकी आपण तपासली. गच्चीवरच्या कुठे तपासल्यात?"

त्यांचं बरोबर होतं. येत्या रविवारी रात्री गच्चीवरच्या दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे ठरले आहेत, आणि काठी काकांकडेच आहे.